मॉरिशसला जेवायचे कुठे?

आमच्या श्रीरामपुराकडची माणसे आता मॉरिशसला जाऊ लागली आहेत. ऊस बरा गेला, मुलाचे पॅकेज वाढले, कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली, की सहलीची बुकिंग होते. मी एकदा जाऊन आलो आहे आणि त्या बेटाविषयी थोडेफार वाचतो हे गावात माहीत असल्यामुळे निघणारी मंडळी घरी येतात. समुद्र कसा आहे, राष्ट्रभाषा कोणती, राज्य कुणाचे, असे कुणीच विचारत नाही. प्रश्न एकच असतो, ‘‘भाऊ, तिथं जेवायचं कुठं?’’

पूर्वी या प्रश्नाला मी दोन वाक्यांत उत्तर देत असे. आता देत नाही. या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे तर दीडशे-दोनशे वर्षे मागे जावे लागते, हे मला उशिरा कळले. हा लेख म्हणजे ते लांबलेले उत्तर आहे.

आधी माझ्याविषयी दोन शब्द. मी विद्यापीठातला संशोधक नव्हे. बावीस वर्षे एका साखर कारखान्याच्या काट्यावर कारकून होतो. उसाने भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, वजन लिहायचे, रिकामी गाडी पुन्हा घ्यायची, वजा करायचे. रात्रपाळीला दोन गाड्यांच्या मध्ये वेळ मिळे, त्यात वाचन झाले. सुरुवात एका शब्दापासून झाली. माझी आजी दुकानातल्या पांढऱ्या साखरेला ‘मोरस’ म्हणे. गूळ तो गूळ, आणि पाहुण्यांच्या चहाची ती मोरस. हा शब्द कोशात पाहिला तेव्हा समजले, की मोरस म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात त्या बेटावरची साखर जहाजाने मुंबईला उतरे आणि बेटाचे नावच साखरेचे नाव झाले. गुजरातीत तो शब्द अजून चालतो. चीनमधून आली ती चिनी, मिसरहून आली ती मिश्री, तशी मॉरिशसहून आली ती मोरस.

गंमत पाहा. पुढे आमच्याच जिल्ह्यात भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहिले, हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना धूर सोडू लागला आणि १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. जिल्हा साखरेचा झाला, पण आजीच्या तोंडी साखर शेवटपर्यंत मोरसच राहिली.

डब्यातले चार दिवस

२०१९ च्या दिवाळीत आम्ही सोळा जण मॉरिशसला गेलो. बरोबर माझी आई होती, वय चौऱ्याहत्तर, माळकरी. तिच्या सामानात कपडे कमी आणि दशम्या, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट जास्त. बाकीच्यांचेही थोड्याफार फरकाने तसेच. सहल कंपनीने समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात तिन्ही वेळचे जेवण ठरवून दिले होते. तिथे रोज संध्याकाळी ‘भारतीय पदार्थ’ म्हणून एक टेबल लागे. पनीरची लाल भाजी, पिवळी डाळ, नान. दिल्लीच्या हॉटेलात मिळेल तसे आणि नगर-मनमाड रस्त्यावरच्या ढाब्यावर मिळेल त्याहून अळणी.

आई ते ताट पुढे घेऊन बसे आणि खोलीवर येऊन दशमी खाई. चौथ्या दिवशी दशम्या संपल्या. ‘‘मला भात नको, नान नको. एक भाकरी मिळंल का बघ,’’ ती म्हणाली. मी हॉटेलात विचारले. ज्वारी, बाजरी हे शब्दच कुणाला कळेनात. आचारी भला माणूस होता, त्याने मक्याचे पीठ आणून दाखवले. आई त्या रात्री केळे खाऊन निजली. भारतीय वंशाची माणसे बहुसंख्येने राहतात त्या बेटावर, भारतीयांच्या टेबलाशेजारी, माझी आई उपाशी होती. भाकरी नाही याचे तेव्हा मला वाईट वाटले. ती का नाही, हा प्रश्न मात्र परत आल्यावर पडला.

भाकरी का नाही?

मॉरिशसवर डच आले आणि गेले. मग १८१० पर्यंत फ्रेंच होते, त्यानंतर इंग्रज. ऊस पिकवला तो आफ्रिकेतून आणि मादागास्करहून पकडून आणलेल्या गुलामांनी. गुलामगिरी तिथे १ फेब्रुवारी १८३५ रोजी कायद्याने संपली. मळेवाल्यांना हात हवे होते आणि ते त्यांनी हिंदुस्थानातून मागवले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून आलेले ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. तो दिवस आज तिथे राष्ट्रीय सुटीचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे त्या धक्क्यावरून गेली. काही परतली, बरीच राहिली. धक्क्याचे नाव आप्रवासी घाट. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा मानले. तिथल्या दगडी पायऱ्या आजही दाखवतात.

माणसे तीन बंदरांतून गेली, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई. कलकत्त्याहून गेलेली बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, भोजपुरी बोलणारी. मद्रासहून तमिळ आणि तेलुगू. मुंबईहून सर्वांत कमी, आणि त्यांत मोठा भरणा रत्नागिरीकडच्या कोकणी मुलखाचा. आजचे मॉरिशसचे मराठी हे मुख्यतः त्यांचे वंशज. घरात बोली क्रेओल, पण गणपती दणक्यात. कास्कावेल या गावी १८९६ पासून गणपती बसतो असे तिथले मराठी लोक सांगतात. गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुटी असते. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ नावाने नाचतात.

आता या माणसांच्या पोटाकडे पाहू. सुरुवातीच्या करारात पुरुषाला महिना पाच रुपये पगार, पाच वर्षांची बांधिलकी, आणि शिधा. शिध्यात तांदूळ, डाळ, मीठ, थोडे तेल वा तूप. इथे भाकरीचे कोडे सुटते. शिधा माणसाच्या गावाप्रमाणे ठरत नव्हता. माणूस कोकणातला असो, घाटावरचा असो की छपरा जिल्ह्यातला, त्याला मिळे तो जहाजाने आलेला तांदूळ. मॉरिशसवर जमीन उसाखाली, म्हणून धान्य बाहेरून येई आणि आजही तांदूळ बाहेरूनच येतो. कोकणी माणसाला भाताची सवय होती, त्याचे निभावले. घाटावरून जो गेला असेल त्याच्या ताटातली भाकरी मुंबई बंदरातच सुटली. ज्वारी-बाजरी पेरायला रान त्याचे नव्हते आणि दळलेले पीठ जहाजावर टिकले नसते. माणूस आपली भाषा तोंडात घेऊन जाऊ शकतो, देव पडशीत घालून नेऊ शकतो. धान्य मात्र मालकाच्या हाती राहते.

कामावर एक दिवस आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, अशी तिथे रीत होती. ती ‘दुहेरी कपात’ म्हणून इतिहासात नोंदली गेली आहे. हे वाचताना मी थबकलो, कारण काट्यावर बसून मी ‘खाडा’ हा शब्द बावीस वर्षे ऐकला होता. त्याकडे पुढे येतो.

रस्त्यावरची जोडी

पाचव्या दिवशी मी आईला घेऊन हॉटेलाबाहेर पडलो. पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजाराजवळ सकाळी एका काचेच्या पेटीपुढे रांग लागली होती. रांगेत बँकेतली बाई, हमाल, शाळेचा मुलगा, पोलीस. विक्रेता दोन पातळ, मऊ, पिवळसर पोळ्या एकावर एक घेई, त्यात पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि चटणी घालून गुंडाळी करी आणि कागदात देई. पदार्थाचे नाव ढोल पुरी. यातला ढोल म्हणजे डाळ. मागायची ती जोडीने, ‘एन पेर’ म्हणजे एक जोडी.

आईने पोळीचा कड मोडून पाहिला. आत भरड पिवळी डाळ. तिने वास घेतला, तोंडात घातला आणि म्हणाली, ‘‘हे तं पुरणच हाये की रे, गुळाबिगर.’’ तिने ती जोडी संपवली आणि दुसरी मागितली. चार दिवसांनी तिला पोटभर जेवताना पाहिले.

ही पुरणपोळी नव्हे. बिहारकडच्या दालपुरीची ही मॉरिशसमध्ये वाढलेली लेक आहे. तिकडे हरभऱ्याची डाळ घालत, इथे पिवळ्या वाटाण्याची डाळ आली. डाळ हळद घालून शिजवायची, कोरडी करून बारीक वाटायची, मैद्याच्या उंड्यात भरायची, पातळ लाटून तव्यावर तेल लावून भाजायची. तव्याला तिथेही तवाच म्हणतात. वेस्ट इंडिजच्या त्रिनिदाद बेटावरही उसासाठीच नेलेल्या मजुरांच्या वंशजांनी दालपुरी राखली आहे. दोन बेटे, मध्ये अर्धी पृथ्वी, पोळी तीच.

ती का टिकली याविषयी माझा एक तर्क आहे. तर्क म्हणूनच घ्यावा. डाळ शिध्यात होती. भात-आमटी शेतात न्यायची तर दोन भांडी लागतात. डाळ पोळीतच भरली की भांडे लागत नाही, गुंडाळी हातात धरून बांधावर उभ्याने खाता येते. शिवाय डाळ आत कोंडलेली असल्याने पोळी मऊ राहते. आमच्याकडे ऊसतोड मजुराच्या फडक्यात भाकरी-ठेचा असतो, त्यामागेही हेच गणित आहे. कोयता एका हातात असणाऱ्याचे जेवण दुसऱ्या हातात मावावे लागते.

म्हणून विचारणाऱ्यांना माझे पहिले उत्तर असे: हॉटेलचे तिन्ही वेळचे जेवण ठरवू नका. नाश्ता आणि फार तर रात्रीचे घ्या, दुपार मोकळी ठेवा. सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत, जिथे कामावर जाणाऱ्यांची रांग असेल तिथे उभे राहा. पोर्ट लुई, रोझ हिल, काट्र बोर्न, माएबूर, फ्लाक या गावांचे बाजार त्यासाठी चांगले. माएबूरचा मोठा बाजार सोमवारी, फ्लाकचा बुधवारी व रविवारी भरतो. ढोल पुरी संध्याकाळपर्यंत उरत नाही, आणि उरली तर ती खाऊ नये.

चार शब्द बरोबर न्यावेत

मराठी माणूस परदेशात उपाशी राहतो तो बहुधा भीतीपोटी. कशात काय घातले असेल, या भीतीपोटी. त्यावर उपाय डबा नव्हे, चार शब्द. मॉरिशसची क्रेओल भाषा फ्रेंचमधून घडली, पण तिची मंडई अर्धी आपल्या ओळखीची आहे.

‘सां लाव्यान’ म्हणजे मांस नको. ‘सां प्वासों’ म्हणजे मासा नको. हे दोन्ही वेगवेगळे सांगावे, कारण मांस नको म्हटले तरी सुकी मासळी चालते असा समज होऊ शकतो. टोमॅटोच्या रश्श्याला ‘रुगाय’ म्हणतात. तो नुसता शाकाहारी असतो, तसा खारवलेल्या माशाचाही असतो, म्हणून विचारून घ्यावा. ‘विंदाय’ हा मोहरी-हळदीतला प्रकार बहुधा माशाचा. ‘पिमां’ म्हणजे मिरची, आणि ती खरोखर तिखट असते. आमच्यातल्या एका तिखट खाण्याचा अभिमान बाळगणाऱ्या पाहुण्यांनी चमचाभर घेतली आणि दिवसभर त्यांनी समुद्राचे वर्णन केले नाही. ‘सातिनी’ म्हणजे चटणी, ‘अशार’ म्हणजे लोणच्याकडे झुकणारी भाजी. ‘साफ्रां’ ऐकून केशर समजू नये, तिथे तो शब्द हळदीला वापरतात.

भाजीत ‘लालो’ म्हणजे भेंडी, ‘ब्रिंझेल’ वांगे, ‘मार्गोझ’ कारले, ‘कालबास’ दुधी, ‘पिपांगाय’ दोडका. पालेभाजी ती ‘ब्रेद’. ‘ब्रेद मुरुम’ वाचून आमच्याकडच्या माणसाला रस्त्यावर टाकायचा मुरूम आठवतो, पण ती शेवग्याच्या पाल्याची भाजी. कोथिंबिरीला ‘कोतोमिली’, कढीपत्त्याला ‘कारिपुले’. पिपांगाय, मुरुम, कोतोमिली, कारिपुले हे शब्द तमिळमधून आले. कारण उसाचे मजूर येण्याआधी, फ्रेंचांच्या काळातच, पाँडेचरीकडचे कारागीर तिथे गेले होते. भाषा पुसली गेली तरी भाजीवालीच्या टोपलीत शब्द राहतात. कोणत्या देशाचा इतिहास वाचायचा असेल तर तिथल्या मंडईत तास घालवावा, असे मला तेव्हापासून वाटते.

आणखी काय खावे? ‘गातो पिमां’ ही डाळीची कुरकुरीत भजी. आपल्या डाळवड्याची धाकटी बहीण. तिथे ती सकाळी लोणी लावलेल्या पावात घालून खातात, म्हणजे वडापावाचीच कल्पना. ‘फाराता’ म्हणजे पराठा. बाजारातला ‘आलुदा’ म्हणजे फालुदाच, दुधात सब्जा घातलेला. समुद्रकाठी अननस सोलून, चिंच-मीठ-मिरची लावून देतात, तो सोडू नये. चिनी वस्तीत उकडलेल्या ‘बुलेत’ मिळतात, बहुतेक सामिष, काही भाज्यांच्या. मासे खाणाऱ्यांनी कोळ्यांच्या गावातले छोटे खाणावळवजा घर शोधावे. लग्नाचे किंवा देवळातले आमंत्रण मिळाले तर केळीच्या पानावर सात भाज्यांचे जेवण मिळेल, ती तमिळ-तेलुगू मंडळींची देणगी. आणि महाशिवरात्रीच्या वेळी गेलात तर गंगा तलाव या तळ्याकडे पायी निघालेल्या यात्रेकरूंना वाटेवर लोक बोलावून खायला-प्यायला देतात. वारी पाहिलेल्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही.

एकाच दगडाचा पाटा

निघायच्या आदल्या दिवशी वाक्वाजवळच्या एका मराठी घरी आम्हाला बोलावणे आले. तिथल्या सरकारी शाळांत मराठी शिकवतात, त्या घरचा मुलगा मराठीचा शिक्षक होता. त्याची आजी पंचाऐंशीच्या पुढची. तिला आरत्या पाठ, पण बोलणे क्रेओलमध्ये. माझी आई आणि ती दोघी परसात बसल्या. मध्ये दुभाषा नातू.

परसात एक काळा सपाट दगड आणि त्यावर लांबट गोल दगड ठेवलेला होता. आईने तो उचलला आणि सवयीने दोनदा पुढे-मागे केला. ‘‘पाटा-वरवंटा,’’ ती म्हणाली. नातू म्हणाला, ‘‘आम्ही याला रोस कारी म्हणतो. मसाल्याचा दगड. आणि हा वरचा, तो बाबा.’’ बाबा म्हणजे? क्रेओलमध्ये बाबा म्हणजे तान्हे बाळ. पाटा आई, वरवंटा तिचे बाळ.

आई हसायला लागली. मग तिने सांगितले, की आमच्याकडे बारशाला आधी पाळण्यात वरवंटाच घालतात. त्याला टोपडे बांधायचे, बायकांनी पाळण्याखालून-वरून ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ करायचे आणि मग खरे बाळ निजवायचे. आजीला ते नातवाने समजावले. ती काही बोलली नाही. तिने वरवंटा आईच्या हातून घेतला आणि मांडीवर ठेवला. मी संशोधक म्हणवून घेत असल्याने सांगायला हवे, की एका शब्दावरून दोन चालींचा संबंध जोडता येत नाही. लांबट गोल दगडात बाळ दिसणे कुठल्याही बाईला सुचेल. तरी त्या परसात ते मला आठवले नाही, हेही खरे.

त्या दगडाची आणखी एक गोष्ट आहे आणि ती मात्र पक्की आहे. आमच्या नगर जिल्ह्याचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून झाला. जमिनीच्या पोटातल्या ज्या तप्त ठिकाणावरून तो लाव्हा आला, ते ठिकाण जवळपास जागीच राहिले आणि भारताची भूमी त्यावरून सरकत उत्तरेला गेली. त्याच तप्त ठिकाणाने पुढे, गेल्या नव्वद लाखांच्या आसपास वर्षांत, मॉरिशस बेट समुद्रातून वर आणले. आज ते शेजारच्या रेयुनियाँ बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे आमच्या घरचा पाटा आणि त्या आजीचा पाटा एकाच चुलीवरचे. मॉरिशसच्या उसाच्या रानात वेचून काढलेल्या काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. ते कुणी वेचले, हे सांगायला नको.

त्या घरी आम्ही जेवलो. भात, डाळ, लालोची भाजी, टोमॅटोची सातिनी. आईने भात दोनदा घेतला आणि भाकरीचे नाव काढले नाही. तेव्हा माझे दुसरे उत्तर: मॉरिशसमध्ये कुणी घरी बोलावले तर समुद्रावरची एक संध्याकाळ सोडावी आणि जावे. हात रिकामे नेऊ नयेत. चिवडा चालतो. तिथल्या आजीने आमचा चिवडा डब्यात घालून कुलूप लावले असे नातवाने नंतर कळवले.

दिवाळीची अर्धचंद्री

आम्ही होतो तेव्हा तिथे दिवाळी होती. घरोघर रांगेने पणत्या, आणि शेजाऱ्यांना, मग ते ख्रिस्ती असोत की मुसलमान, फराळाची पुडकी. त्यात ‘गातो पाताट’ नावाचा पदार्थ असतोच. रताळी उकडून, मैदा मिसळून त्याची पारी करायची, आत ओले खोबरे, साखर, वेलची भरायची, अर्धचंद्रासारखी दुमडून तळायची. आईने पाहताक्षणी नाव दिले, ‘‘रताळ्याची करंजी.’’ हॉटेलमधल्या आमच्या टेबलावर हा पदार्थ एकदाही आला नव्हता. तिथे गुलाबजाम होते.

परत येताना विमानतळाच्या रस्त्यावर उसाचे ट्रक लागले. तिकडची तोड जून ते डिसेंबर चालते. त्यांची संपत येते तेव्हा आमची सुरू होते.

आणि इथे मी खाड्याकडे येतो. दिवाळीच्या आगेमागे पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीची माणसे आमच्या कारखान्यांवर उतरतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाच्या जोडीला हत्याराचे नाव. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. कामावर आला नाही तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मॉरिशसच्या मळ्यावरही माणसाला आगाऊ रक्कम देत, वर सरदार असे, आणि एका दिवसाला दोन दिवस कापत. मी दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे म्हणत नाही. इथला मजूर उन्हाळ्यात गावी परततो, त्याच्यापुढे समुद्र नसतो. पण मॉरिशसची दुहेरी कपात वाचून माझ्या अंगावर काटा आला, आणि आमच्या काट्यावर मी ती तशीच वजा करून लिहीत आलो होतो. संग्रहालयाच्या काचेआड जे दिसले की हळहळायचे, ते दाराशी रोज दिसत असले की त्याला हंगाम म्हणायचे.

मात्र एक फरक आहे. आमचा कोयता बैलगाडीत बाजरीचे पोते घालून येतो. पहाटे तीनला कोपीपुढे चूल पेटते, भाकऱ्या होतात आणि मग गाडी फडाकडे निघते. धान्य त्याचे असते. एका थंडीच्या रात्री काटा बंद पडला आणि गाड्या खोळंबल्या. तेव्हा पाथर्डीकडच्या एका बाईने मला गाडीखालच्या शेगडीवरची भाकरी आणि ठेचा दिला होता. बावीस वर्षांत कारखान्याच्या आवारात मी जेवलेले ते सर्वांत चांगले जेवण. तेव्हा ते मला सुचले नाही, मॉरिशसला रांगेत उभे राहून सुचले, की मी इतकी वर्षे उसाच्या गावी राहून ऊस तोडणारा काय खातो हे एकदाच चाखले होते.

तेव्हा पाहुण्यांना आता माझे उत्तर असे असते. कुठल्याही बेटावर जा, आधी पाहा की तिथले कष्टाचे पीक कोणते आणि ते कोण काढते. मग ती माणसे सकाळी कुठे खातात ते शोधा आणि त्यांच्यामागे रांगेत उभे राहा. तिथे अन्न ताजे असते, कारण ते थांबत नाही. स्वस्त असते, कारण गिऱ्हाईक रोजचे असते. आणि त्यात त्या बेटाचा इतिहास असतो, जो हॉटेलच्या टेबलावर येत नाही. दशम्या न्या, वाटेत उपयोगी पडतात. पण त्या संपतील तो दिवस सहलीचा पहिला दिवस समजा.

पुढच्या दिवाळीत आईने रताळी उकडली. पारी दोनदा फाटली, तिसऱ्यांदा जमली. वेलची तिने पाट्यावर वाटली, आणि वरवंट्याला ‘चल रे बाबा’ म्हणाली. पन्नास-साठ करंज्या झाल्या. आमचे घर कारखान्याच्या रस्त्यावर आहे. संध्याकाळी गाड्या आल्या तेव्हा ती परात घेऊन दारात उभी राहिली आणि थांबेल त्या गाडीतल्या पोरांना एकेक देत गेली. एका मुलीने चावा घेतला आणि आत पाहिले.

‘‘कशाची हाये, आजी?’’

‘‘मॉरिशसची,’’ आई म्हणाली. ‘‘तिकडं बी ऊसच हाये.’’